चर्चच्या भिंतीवरचं माप

आज आपण एक जुनं चर्च पाहायला जाऊ या. ते आहे जर्मनीत, फ्रायबुर्ग नावाच्या शहरात. आम्ही काही तिथे जाऊन आलेलो नाही. गटाच्या बैठकीत त्याचे फोटो पाहिले, माहिती वाचली, आणि त्यातली एक गोष्ट मनात घर करून राहिली. तीच सांगायची आहे.

हे चर्च बांधायला साधारण १२०० साली सुरुवात झाली आणि पूर्ण व्हायला तीनशे वर्षं लागली. म्हणजे पाया खणणाऱ्यांच्या नातवंडा-पतवंडांनीही ते पुरं झालेलं पाहिलं नाही. त्याचा मनोरा ११६ मीटर उंच आहे. चर्चभोवती मोठं पटांगण आहे आणि तिथे बाजार भरतो. पूर्वी भरायचा, आजही रविवार सोडून रोज सकाळी भरतो. आसपासच्या गावचे शेतकरी भाजी, फळं, फुलं घेऊन येतात.

मनोऱ्याच्या खालून आत शिरायचं दार आहे. त्या दाराशी भिंतीकडे नीट पाहिलं तर दगडात कोरलेल्या खुणा दिसतात. गोल, लांबट, सरळ रेघा. या खुणा नक्षीच्या नाहीत. ही आहेत बाजाराची मापं! पाव केवढा असावा, धान्याचं माप केवढं, कापड मोजायची लांबी किती, वीट केवढी, कोळशाचं घमेलं केवढं, हे सगळं तिथे कोरलेलं आहे. पावाच्या मापांजवळ १२७०, १३१७, १३२० अशी सालंही आहेत.

पावाची मापं एकापेक्षा जास्त कशाला, असं आम्हालाही वाटलं. त्या काळी युरोपातल्या बऱ्याच शहरांत पावाची किंमत तीच ठेवत आणि आकार बदलत. पीक चांगलं आलं की पाव मोठा, धान्य महागलं की पाव लहान. १३१५ ते १३१७ या वर्षांत त्या भागात मोठा दुष्काळ पडला होता. अशा वेळी पाव लहान होणारच. पण किती लहान, हे एकट्या भटारखानेवाल्यानं ठरवायचं नाही. ते सगळ्यांसमोर भिंतीवर. शंका आली तर पाव घ्यायचा आणि खुणेला लावून पाहायचा. त्यासाठी वाचता यायची गरज नव्हती.

आत गेलं की रंगीत काचांच्या उंच खिडक्या आहेत. त्यातल्या काही कारागिरांच्या संघांनी वर्गणी काढून दिल्या. म्हणून संतांच्या चित्रांबरोबर शिंप्यांची कात्री, चांभारांचा बूट, पाववाल्यांचा पावही काचेत आहे. दुसऱ्या महायुद्धात या काचा काढून सुरक्षित ठेवल्या होत्या. २७ नोव्हेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जमीनदोस्त झालं, पण चर्च उभं राहिलं.

आता आपल्याकडे येऊ. मागच्या हंगामात आमच्या गटातल्या बायकांनी तूर विकली. घरी मोजलं तेव्हा पोतं पन्नास किलोचं, व्यापाऱ्याच्या काट्यावर अठ्ठेचाळीस. "काटा खोटं बोलतो का बाई?" असं तो म्हणाला, आणि आम्ही गप्प बसलो. कारण आमच्याकडे दाखवायला दुसरं माप नव्हतं. पायली-मापट्याच्या काळातही गरिबाची फसवणूक अशीच व्हायची. माप ज्याच्या हातात, शब्द त्याचा.

म्हणून यंदा आम्ही गटाच्या पैशातून वजनकाटा घेतला, त्यावर वजनमापे विभागाचा शिक्का करून घेतला आणि तो समाजमंदिरात ठेवला. माल विकायच्या आधी तिथे सगळ्यांसमोर वजन होतं आणि फळ्यावर लिहिलं जातं. पहिल्या दिवशी व्यापारी कुरकुरला. मग फळ्यावरचा आकडा पाहून त्यानं आपला काटा पुन्हा लावला.

तुमच्या गावातही असं करून पाहा. व्यापाऱ्याच्या काट्यावर शिक्का आहे का, त्याची मुदत संपली नाही ना, हे विचारायला लाजू नका. माप चारचौघांत, भिंतीवर असलं की भांडायची वेळ कमी येते. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या शहरानं हे ओळखलं होतं.