इंजिनाची उंची आणि पंख्याची पकड
होडीच्या मागच्या सपाट फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, बाहेरून बसवलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा गिअर असलेला खालचा भाग पाण्यात जितका खोल बुडतो तितका त्याला होणारा पाण्याचा रोध वाढतो. आणि हा रोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेगवान होडीत एखाद्या इंचाचाही फरक जाणवतो. मात्र इंजिन वर घेण्याला मर्यादा आहे. पंख्याच्या थोडी वर असलेली आडवी पट्टी पृष्ठभागावरची हवा पात्यांकडे ओढली जाऊ देत नाही, म्हणून ती होडीच्या तळाच्या रेषेत ठेवून सुरुवात करावी आणि तेथून टप्प्याटप्प्याने वर जावे. इंजिन फार वर गेले, तर वळण घेताना पंखा हवा खातो, फेरे एकाएकी वाढतात पण होडी पुढे सरकत नाही. शिवाय थंडाव्यासाठी पाणी घेणारी छिद्रे उघडी पडून इंजिन तापते, आणि हे नुकसान मिळालेल्या वेगापेक्षा कितीतरी महाग पडते.

पंख्याचा ‘पिच’ म्हणजे घन पदार्थात स्क्रू फिरावा तसा पंखा न घसरता एका फेऱ्यात जेवढे अंतर कापेल ते अंतर. इंजिनाचे मिनिटाला 5500 फेरे, गिअरचे प्रमाण 2 ला 1 आणि पिच 19 इंच असेल, तर हिशेबाने वेग ताशी सुमारे 80 किलोमीटर येतो. पाणी मागे सरकत असल्यामुळे त्यातील दहा टक्के घसरणीत गेले, तर हाती 72 उरतात. वेगाच्या ओढीने मोठा पिच घेण्याची चूक सर्रास होते. पिच एक इंचाने वाढवला की फेरे साधारण 150 ते 200 ने उतरतात, आणि पूर्ण थ्रॉटलला निर्मात्याने ठरवलेल्या कक्षेपर्यंत न पोहोचणारे इंजिन सतत ओझ्याखाली झिजते. इंजिन वर घेतल्याने रोध घटून फेरे वाढतात, त्यामुळे आधी उंची निश्चित करून मगच पिच निवडणे सयुक्तिक ठरते.

उंची आणि पिच ठरवण्याची चाचणी नेहमीच्या भारासह व्हावी. जाळी, बर्फ आणि माणसे घेऊन जाणाऱ्या मासेमारीच्या होडीत रिकामेपणी जुळलेला पिच परतीच्या वाटेवर जड पडतो. अशा होडीला थोड्या कमी पिचचा, चार पात्यांचा पंखा लावल्यास सर्वोच्च वेग किंचित घटतो, पण लाटांतही पाण्यावरची पकड टिकते.