दूध नासले तर... टाकावे की वापरावे?

सकाळची वेळ. एका शेगडीवर चहाचे आधण, दुसरीवर दूध. पाहता पाहता दुधात बारीक कण दिसू लागतात आणि क्षणात चोथा वेगळा, हिरवट पाणी वेगळे होते. घरातील तरुण मंडळी पातेले रिकामे करायला निघतात, तोच ज्येष्ठ व्यक्ती त्यांना थांबवते, "टाकू नका, साखर घालून आटवू या." हा प्रसंग आपल्याही घरी कधी ना कधी घडला असेल.

ज्येष्ठांच्या या आग्रहाला केवळ काटकसर म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुंबईत १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. त्यानंतर कितीतरी वर्षे पहाटे केंद्रासमोर रांग लावून, कार्ड दाखवून काचेच्या बाटल्यांतून मोजके दूध घरी आणावे लागे. ज्यांनी ती टंचाई सोसली, त्यांना दूध मोरीत ओतताना वाईट वाटणारच. मात्र तेव्हाचे दूध आणि आजचे दूध यांत फरक आहे. तेव्हाचे आपले शरीर आणि आजचे शरीर यांतही फरक आहे. म्हणून हा निर्णय सवयीने न घेता समजून घ्यावा.

दूध नासते म्हणजे काय होते?

दुधातील जिवाणू दुग्धशर्करेचे आम्लात रूपांतर करतात. ताज्या दुधाचा सामू सुमारे ६.७ असतो. आम्लता वाढली की तो खाली येतो आणि केसीन हे प्रथिन गोळा होऊ लागते. थंड दुधाला यासाठी बरीच आम्लता लागते, तापलेल्या दुधाला थोडीही पुरते. म्हणूनच फ्रिजमध्ये चांगले दिसणारे दूध शेगडीवर चढताच फाटते.

पिशवीतील दूध पाश्चरीकरण केलेले असते. साधारणपणे ते ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात. त्यामुळे रोगकारक जंतू मरतात आणि दूध आंबवणारे बहुतेक जिवाणूही नाहीसे होतात. काही जिवाणूंची बीजाणुरूपे मात्र तग धरून राहतात. परिणामी कच्चे दूध आंबत असे, तर पिशवीतील जुने दूध बहुधा कडवट होते किंवा त्याला कुजका वास येतो. "आमच्या लहानपणी नासलेले दूध खाऊन कोणाला काही होत नसे," हा अनुभव आजच्या दुधाला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

उकळले म्हणजे निर्धोक झाले का?

नाही. उकळल्याने जिवाणू मरतात, पण काही जिवाणूंनी आधीच तयार केलेले विष उष्णतेने नष्ट होत नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि बॅसिलस सेरियस या जिवाणूंची उलटी घडवणारी विषे उकळीलाही दाद देत नाहीत. दूध काही तास बाहेर राहिले असेल, तर आटवून, साखर किंवा वेलची घालून धोका जात नाही. फक्त वास झाकला जातो.

आपल्या वयाचा प्रश्न येथेच येतो. उतारवयात गंध आणि चव कळण्याची शक्ती मंदावते, त्यामुळे दूध बिघडल्याचे वेळीच लक्षात येत नाही. जठरातील आम्ल आणि रोगप्रतिकारशक्तीही अनेकांच्या बाबतीत कमी झालेली असते. शंका असेल तेव्हा दूध चाखून पाहू नये. चमचाभर दूध लहान कढल्यात उकळून पाहावे. फाटले तर उरलेल्या दुधाविषयी वेगळा पुरावा नको. मात्र ते फाटले नाही म्हणून वास मारणारे दूध चांगले ठरत नाही.

टाकावे की वापरावे?

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर दूध टाकून द्यावे: पिशवी फुगलेली असणे, कुजका वास, कडवटपणा, तार सुटणे किंवा चिकटपणा, गुलाबी अथवा पिवळी झाक, मुदत उलटलेली असणे, किंवा दोन तासांहून अधिक काळ दूध बाहेर राहिलेले असणे.

दूध मुदतीतील आहे, सतत थंड राहिले आहे, वास स्वच्छ आहे आणि केवळ तापवताना फाटले आहे, अशा वेळी अनेक घरांत त्याचे पनीर किंवा गोड पदार्थ करतात. निरोगी प्रौढांनी तो त्याच दिवशी ताजा खाणे ही त्यांची निवड. पण वयोवृद्ध, मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण, कर्करोगाचे उपचार घेणारे, गर्भवती आणि तान्ही मुले यांनी हा धोका पत्करू नये. पनीर हवेच असेल तर चांगल्या दुधात लिंबू पिळून करावे.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. गुळाच्या किंवा आल्याच्या चहात दूध फाटले, तर ते नासलेले होते असेच नाही. गुळातील आम्लामुळे आणि कच्च्या आल्यातील पाचक घटकामुळे चांगले दूधही फाटते. आले आधी पाण्यात उकळून घ्यावे आणि गूळ चहा खाली उतरवल्यावर घालावा.

मुळात नासूच नये म्हणून

दूध आणल्यावर फार वेळ बाहेर न ठेवता तापवावे. तापलेले पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववावे आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिजच्या दारात दूध ठेवू नये. तिथे तापमान सतत बदलते. कालच्या दुधात आजचे दूध मिसळू नये; थोडे शिळे दूध सारे पातेले बिघडवते. दुधाचे भांडे आधी गार पाण्याने विसळावे, मग गरम पाणी व साबणाने घासावे. आधीच गरम पाणी वापरल्यास प्रथिने भांड्याला चिकटून बसतात. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी मोठ्या पिशवीऐवजी पाव लिटरची पिशवी घ्यावी. न उघडता बाहेर टिकणाऱ्या दुधाचा एखादा खोका घरी असू द्यावा. पण उघडल्यावर तोही फ्रिजमध्येच ठेवावा.

चुकून पोटात गेले तर

उलट्या अर्ध्या तासापासून काही तासांत सुरू होऊ शकतात. जुलाब नंतरही लागतात. वृद्धांना तहान कमी जाणवते, म्हणून मागण्याची वाट न पाहता घोट घोट जलसंजीवनी द्यावी. तयार पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. हृदयविकार, मूत्रपिंडविकार किंवा मधुमेह असल्यास, किंवा रक्तदाबाच्या अथवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना लगेच विचारावे. उभे राहताना भोवळ, लघवी कमी होणे, असंबद्ध बोलणे, ताप, शौचात रक्त किंवा न थांबणारी उलटी यांपैकी काहीही दिसले तर रुग्णालय गाठावे.

काळजी घेणाऱ्यांसाठी

"तुम्हाला वास येत नाही का?" असे विचारणे ज्येष्ठांना लागते, गंध कमी होणे हा त्यांचा दोष नव्हे. त्याऐवजी पिशवीवरची तारीख मोठ्या अक्षरांत पातेल्यावर चिकटवावी आणि रोज सकाळी दूध एकत्र तपासण्याची सवय लावावी. टाकायची वेळ आली तर टाकण्याचा निर्णय त्यांनाच घेऊ द्यावा. थोडेसे दूध भरपूर पाण्यात मिसळून कुंडीतील मातीत मुरवता येते. ज्यांना अन्न वाया गेलेले पाहवत नाही, त्यांना तेवढे समाधान मिळते.

दूध पुन्हा आणता येते. एका पातेल्यापायी घरातील वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळू नये, एवढीच काळजी आपण सर्वांनी घ्यावी.