पडदा मोठा, पण वाट अरुंद!

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आमच्या घरातला ३२ इंची टी.व्ही. गेला आणि ५५ इंची आला. हट्ट आईचा होता. बातम्यांच्या खालून सरकणारी पट्टी तिला वाचता येत नसे. सेट-टॉप बॉक्सची पिवळी-पांढरी-लाल वायर जशीच्या तशी नव्या संचाला जोडली आणि सारे समोर बसलो. अक्षरे मोठी झाली होती खरी. पण पुसट, आणि कडेला रंगांची झालर! "अरे, हा तर जुन्यापेक्षा वाईट दिसतो," आई म्हणाली. पदार्थविज्ञान शिकवणारा मी चांगलाच ओशाळलो.

असे का व्हावे? एक प्रयोग करा. कागदावर मध्ये १ मिलिमीटर जागा सोडून दोन काळ्या रेघा काढा, कागद भिंतीला लावा आणि मागे मागे सरका. (चष्मा असेल तर लावा!) साधारण साडेतीन मीटरवर त्या दोन रेघा एक होतील. अंशाच्या साठाव्या भागाहून लहान कोन आपल्या डोळ्याला उलगडत नाही. आम्ही बसतो ३ मीटरवर. तेथे हा कोन म्हणजे सुमारे ०.८७ मिलिमीटर.

आता पिवळ्या वायरीकडे वळू. तिच्यातून येणाऱ्या चित्रात एकाखाली एक फार तर ५७६ रेघा असतात. ३२ इंची पडद्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर; म्हणजे एक रेघ ०.६९ मिलिमीटर. डोळ्याला ती वेगळी दिसत नाही, चित्र सलग वाटते. ५५ इंची पडदा ६८.५ सेंटिमीटर उंच. रेघ झाली १.१९ मिलिमीटर! जुन्या पडद्याने झाकलेले उणेपण नव्याने उघडे पाडले.

आणि ती झालर? रंगीत प्रक्षेपण जुन्या कृष्णधवल संचांवरही दिसावे म्हणून रंगाचा संकेत उजेडाच्या संकेतातच मिसळण्याची युक्ती निघाली. आपल्याकडे १९८२ साली आलेल्या पाल पद्धतीत तो ४.४३ मेगाहर्ट्झच्या आसपास असे. पिवळ्या वायरीतही हीच मिसळ असते. संचाला ती पुन्हा निवडावी लागते. डाळ-तांदूळ एकत्र झाल्यावर कितीही निवडा, चार डाळी तांदळात राहतातच. तसे बारीक नक्षीला संच चुकून रंग समजतो.

सुदैवाने आमचा बॉक्स एच.डी. होता. त्याच्या पाठीमागे धूळ खात पडलेली एच.डी.एम.आय.ची खाच सापडली. ही पद्धत २००२ सालची. येथे मिसळ नाही. प्रत्येक चित्रबिंदूचे आकडे धावतात. वहीत गुणाकार करा: १९२० × १०८० बिंदू, प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रे. उत्तर येते जवळजवळ ३ अब्ज बिट! ४के चित्राला याच्या चौपट. तेवढे वाहून नेण्यासाठी २०१३ सालची २.० आवृत्ती किंवा तिच्यानंतरची हवी. ४के संच घेताना ही चौकशी दुकानातच करावी.

मात्र सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या वायरीच्या नादी लागू नका. दीड मीटरच्या अंतरात आकडे एकतर नीट पोचतात, नाहीतर चित्र तुटते. मुलाम्याने ते उजळत नाही.

१०८० रेघांच्या चित्रात ५५ इंची पडद्यावरही एक रेघ ०.६३ मिलिमीटरच भरते, म्हणजे आमच्या अंतराला पुरेशी. ४केचे बिंदू वेगळे दिसायला तर पडद्यापासून १.१ मीटरवर बसावे लागेल! म्हणून मी आता कोणी विचारले, की आधी बसण्याचे अंतर टेपने मोजायला सांगतो, मग संचामागच्या खाचा मोजायला आणि शेवटी इंच.

वायर बदलली, वाहिनी एच.डी. लावली, आणि आई पट्टी वाचू लागली. हल्ली ती मोठ्याने वाचते, एवढीच काय ती अडचण!