पित्तवाहिनीचा संकोच व त्याची पुनरावृत्ती

तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात देशी व युरोपीय अशा दोन्ही पद्धतींचे उपचार होत असत. तेथील नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जतन केलेल्या आहेत. रोगट डोळ्यांची चित्रे, रोगाचे वर्णन, केलेले उपचार व त्यांचा परिणाम त्यांत आढळतो. शस्त्रक्रिया संपली म्हणजे वैद्याचे काम संपत नाही, हेच त्यांवरून दिसते. पित्तवाहिनीच्या दुरुस्तीत या तत्त्वाची खरी कसोटी लागते.

सरफोजींच्या काळी पोटावरील अशी शस्त्रक्रिया आवाक्याबाहेरची होती. ईथरची भूल १८४६ साली व लिस्टर यांची जंतुनाशक पद्धती १८६७ साली पुढे आली. १८८२ साली बर्लिन येथे लांगेनबुख यांनी पित्ताशय प्रथम काढून टाकले. दुर्बिणीच्या साहाय्याने हीच शस्त्रक्रिया भारतात १९९० साली मुंबईस डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केली.

यकृतात दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. ते जिच्यातून आतड्यात उतरते ती मुख्य पित्तवाहिनी पेन्सिलीहूनही बारीक असते. खडे झालेले पित्ताशय काढताना, सूजेमुळे भाग एकमेकांस चिकटले असतील तर, ही वाहिनी चुकून कापली किंवा बांधली जाण्याचा संभव असतो. असे क्वचितच घडते. परंतु घडले तर परिणाम गंभीर होतात. जखम भरताना व्रणतंतू आक्रसतात आणि वाट अरुंद होते. यासच पित्तवाहिनीचा संकोच म्हणतात. पित्त तुंबते, कावीळ होते, अंगास खाज सुटते, थंडी वाजून ताप येतो. वर्षानुवर्षे उपेक्षा झाल्यास यकृत कठीण व निकामी होते.

कापलेली टोके नुसती एकमेकांस शिवली, तर तो जोड पुष्कळदा पुन्हा आक्रसतो. कारण वाहिनीस रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म शिरा तिच्या कडांनी जातात व त्यांनाही इजा झालेली असते. म्हणून शल्यवैद्य यकृताजवळचा निरोगी भाग शोधून तो लहान आतड्याच्या वेगळ्या केलेल्या पदराशी जोडतात. आतड्याची ही रचना स्वित्झर्लंडचे सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यामुळे अन्न जोडाकडे सहसा येत नाही. १९५६ साली हेप व क्विनो या फ्रेंच शल्यवैद्यांनी यकृताच्या डाव्या वाहिनीवर रुंद जोड करण्याची रीत सांगितली. जोड रुंद, ताणरहित व भरपूर रक्तपुरवठ्याचा असावा, हे तिचे मर्म होय.

इतके करूनही काही रुग्णांत संकोच परततो. बहुतेक पुनरावृत्ती पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसतात. काही मात्र दहा वर्षांनंतरही. त्या वेळी फुग्याने वाट रुंदावणे, नळी बसविणे किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करणे हे मार्ग उरतात. प्रत्येक नव्या शस्त्रक्रियेगणिक निरोगी वाहिनी कमी उरते. म्हणून पहिली दुरुस्ती अनुभवी हातांनीच व्हावी.

धोका असा की, रुग्णास बरे वाटते आणि तो तपासणीस येणे थांबवितो. कावीळ दिसण्यापूर्वीच रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर वाढू लागते. साधी रक्ततपासणी ही सूचना वेळीच देऊ शकते. रोग बरा झाला की नाही हे टाके काढण्याच्या दिवशी ठरत नाही. ते पुढील कित्येक वर्षांच्या नोंदींवरून ठरते.