केडगावचा कारभार

डिसेंबर १८८७मध्ये बॉस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसा पुरवायचं तिने कबूल केलं. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं, या दहा वर्षांच्या मुदतीवर फारसं नाही. त्यांची श्रद्धा समजून घ्यायला मला मात्र हीच वाट जवळची वाटते. हाती आहे ते देवाचं, आपण नुसते कारभारी, ही शिकवण प्रत्येक ख्रिस्ती मंडळीत कानावर पडते. रमाबाईंनी ती जमिनीत आणि छापखान्यात उतरवली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. वर्गणीची मुदत संपल्यावर मुलींनी खायचं काय, याचा विचार रमाबाईंनी वेळेआधीच केला होता. पुण्याच्या पूर्वेला, रेल्वेमार्गावरच्या केडगावात त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन मिळवली. विहिरी खणायच्या, फळबाग उभी करायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा बेत होता.

मध्यंतरी १८९३चं वादळ झालं. सदनात धर्मप्रचार करायचा नाही, ही देणगीची अट होती. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि मुली आपणहून येऊन बसत. सुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली घरी नेल्या. त्या दोघांची नाराजी मला खोटी वाटत नाही. पण दार लावून घेणं ही रमाबाईंच्या दृष्टीने देवाशी प्रतारणा ठरली असती. देणाऱ्याचा शब्द आणि आतला आदेश यांच्यात त्यांची खरी कसोटी होती.

बाग नीट धरते न धरते तोच १८९६चा दुष्काळ आला. दुष्काळ म्हणजे काय ते रमाबाईंना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. १८७०च्या दशकात आई, वडील आणि थोरली बहीण त्यांनी उपासमारीतच गमावली होती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, तिथे इतक्या जणींना ठेवायची सोय नाही. मग बागेसाठी घेतलेल्या केडगावच्या माळावरच मुक्ती सदन उभं राहिलं. उद्याच्या उत्पन्नासाठी राखलेली जमीन आज दारात आलेल्यांना देऊन टाकायला त्या कचरल्या नाहीत. दहा वर्षांची मुदत संपली तेव्हा त्या स्वतः अमेरिकेला गेल्या, आणि मदतीसाठी नवी संघटना उभी राहिली.

मुक्ती सदनात शेती, विणकाम, छपाई अशी कामं मुली शिकल्या, अंध मुली ब्रेल वाचू लागल्या. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते छापखान्यात झालेलं मराठी बायबलचं काम. त्यामागची विद्या घरातून आली होती. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या माउलीने ते मुलीला दिलं. याच विद्येवर कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘सरस्वती’ म्हटलं होतं. बायबल मराठीत आणताना त्यांनी संस्कृतच्या जोडीला हिब्रू आणि ग्रीक या भाषा घेतल्या. कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीसाठी त्यांनी सुमारे अठरा वर्षं खर्ची घातली. खिळे जुळवण्यापासूनची कामं मुक्तीतल्या बायकांनीच केली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. संपूर्ण बायबल १९२४मध्ये त्याच छापखान्यातून बाहेर पडलं.