जमिनीखालची टाकी आणि विहिरीचे पाणी

पेट्रोल पंपावर आपल्याला मशीन दिसते, नळी दिसते. पण पेट्रोलची टाकी दिसत नाही. ती जमिनीत पुरलेली असते. तिच्यात हजारो लिटर पेट्रोल मावते. पूर्वी या टाक्या नुसत्या लोखंडी पत्र्याच्या असत. ओल्या मातीत लोखंड गंजते. आपल्या दाराची कडी पावसाने गंजते ना, तसेच. मग पत्र्याला बारीक भोक पडते आणि पेट्रोल थेंब थेंब गळते. वर कोणाला पत्ताच लागत नाही. पंप बंद पडला तरी कधी कधी टाकी तशीच राहते.

मग गळलेले पेट्रोल जाते कुठे? हे समजावे म्हणून गुरुजींनी वर्गात एक प्रयोग केला. पपईच्या पानाचा पोकळ देठ घेतला. त्याला बाभळीच्या काट्याने भोके पाडली. तो काचेच्या बरणीत उभा धरला आणि भोवती नदीची जाड वाळू भरली. अर्ध्या बरणीपर्यंत पाणी ओतले. देठ म्हणजे आमची विहीर. मग वाळूवर एका कडेला गोडेतेल ओतले. तेल हळूहळू खाली गेले आणि पाण्यापाशी थांबले. दुसऱ्या दिवशी देठात काडी घालून पाहिली, तर काडीला तेल! तेल ओतले एकीकडे आणि निघाले विहिरीत.

पेट्रोलही असेच करते. ते पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून पाण्यावर तरंगते. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते, उन्हाळ्यात खाली जाते. त्याबरोबर पेट्रोलही वर-खाली होते आणि मधल्या मातीला फासले जाते. मग दर पावसात थोडे थोडे धुऊन पाण्यात उतरते. म्हणून गळती थांबली तरी पाणी लगेच चांगले होत नाही.

पेट्रोलचा तवंग डोळ्यांना दिसतो. पण त्यातला बेंझीन नावाचा पदार्थ पाण्यात विरघळतो, तो दिसत नाही. त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, एक लिटर पिण्याच्या पाण्यात बेंझीन १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. म्हणजे १० कोटी भागांत फक्त १ भाग. एवढ्याशाचा वासही येत नाही. तुरटी फिरवून किंवा फडक्याने गाळून ते जात नाही. पाणी उकळले तर त्याची वाफ घरात पसरते.

अमेरिकेत सांता मोनिका नावाचे शहर समुद्राकाठी आहे. तिथले लोक विहिरींचे पाणी प्यायचे. १९९५ साली त्या पाण्यात एमटीबीई हा पदार्थ सापडला. पेट्रोल नीट जळावे म्हणून तो पेट्रोलमध्ये घालत असत. तो पाण्यात लवकर विरघळतो आणि पाण्याबरोबर लांब जातो. पंपांच्या टाक्यांतून आणि पाइपांतून गळून तो विहिरींपर्यंत गेला होता. १९९६ साली विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचे जवळजवळ निम्मे पाणी गेले. समोर एवढा समुद्र, पण प्यायला पाणी बाहेरून विकत आणायचे! मोठ्या विहिरींचे पाणी शुद्ध करून परत वापरायला जवळजवळ १५ वर्षे लागली. त्या देशात आजपर्यंत पाच लाखांहून जास्त ठिकाणी जमिनीखालच्या टाक्यांची गळती सापडली आहे.

अशी गळती शोधतात कशी?

१) पहिल्यांदा जुन्या माणसांना विचारतात आणि जुने कागद पाहतात. पंप कुठे होता, टाक्या किती होत्या, याचा नकाशा काढतात.

२) लोखंड ओळखणारे यंत्र जमिनीवरून फिरवून टाकी शोधतात.

३) गिरमिटासारख्या यंत्राने भोके पाडून वेगवेगळ्या खोलीवरची माती काढतात आणि तपासतात.

४) त्या भोकांत नळ्या बसवतात. नळ्यांना आमच्या पपईच्या देठासारखी बारीक भोके असतात. त्यातून पाणी काढतात. बाटली अगदी काठोकाठ भरतात, कारण हवा राहिली तर पेट्रोल पाण्यातून त्या हवेत निघून जाते. बाटली बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात.

५) कमीत कमी तीन ठिकाणी पाण्याची पातळी मोजतात. त्यावरून जमिनीतले पाणी कोणत्या बाजूला वाहते ते कळते. टाकीच्या वरच्या अंगाचे आणि खालच्या अंगाचे पाणी ताडून पाहतात.

आपल्याकडे काळ्या खडकाच्या भेगांतून पाणी जाते. भेग जिकडे, पाणी तिकडे. म्हणून जवळची विहीर चांगली आणि लांबची खराब, असेही होऊ शकते.

हे सगळे मी का लिहिले? आपल्या फाट्यावर पूर्वी एक पंप होता. आता तिथे नुसता चौथरा आहे. तिथे शाळेसाठी बोअर घ्यायची, असे मोठी माणसे बोलतात. मी आजोबांना टाकीचे विचारले. ते म्हणाले, "पोरी, टाकी चौथऱ्याच्या मागं पुरली हुती. काढताना म्या तरी कुणाला पाहिलं न्हाई." म्हणजे टाकी असेल किंवा नसेलही. पण बघितल्याशिवाय कसे कळणार?

म्हणून आलेल्या पालकांना माझी विनंती आहे. बोअर घेण्याआधी ती टाकी आहे का ते बघायला सांगा. तिच्या खालची माती आणि जवळच्या विहिरींचे पाणी तपासायला पाठवा. आणि मित्रांनो, कोणत्याही विहिरीवर तवंग दिसला किंवा पेट्रोलचा वास आला, तर ते पाणी पिऊ नका. तिथे काडी, बिडी, कंदील नेऊ नका, भडका उडेल. लगेच घरी आणि गुरुजींना सांगा. टाकी काढायला थोडे दिवस लागतात, पण नासलेले पाणी सुधारायला वर्षे लागतात.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी