जुन्या बाईकचा क्लच खरखरतोय? गॅरेजला जाण्याआधी मोबाईलवर करा ही तपासणी

गेल्या महिन्यात लातूरला घरी गेलो, तर चुलत भाऊ तोंड पाडून बसलेला. साठवलेल्या पैशांतून त्याने ३२ हजारांना जुनी १२५ सीसी बाईक घेतली होती. आठवड्याभरात क्लचकडून खरखर सुरू झाली आणि गाडी निघताना झटके बसू लागले. एका गॅरेजमध्ये काहीही न तपासता सांगितलं, "क्लच प्लेटा गेल्यात, साडेतीन हजार लागतील." भाऊ म्हणाला, "दादा, बदलून घेऊ का?"

मी सॉफ्टवेअरवाला, मिस्त्री नाही. पण आमच्या कामात एक नियम असतो: बग कुठे आहे ते कळेपर्यंत कोडला हात लावायचा नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. तोच नियम इथे लावला.

क्लच नेमकं काय करतो?

आपल्या बहुतेक बाईकमध्ये क्लच इंजिन ऑइलमध्येच काम करतो. बाहेरचा डबा, म्हणजे हाउसिंग, इंजिनबरोबर फिरतो. आतला भाग गिअरबॉक्सला जोडलेला असतो. मधल्या प्लेटा स्प्रिंगने दाबलेल्या असतात. लिव्हर दाबला की प्लेटा सुटतात आणि इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होतं. म्हणजे तपासणीसाठी लिव्हर हा आपला ऑन-ऑफ स्विच!

तपासणी १: आवाज रेकॉर्ड करा

गाडी मोकळ्या हवेत मेन स्टँडवर लावा, इंजिन गरम होऊ द्या, न्यूट्रल ठेवा. लिव्हर सोडून १० सेकंद आणि दाबून १० सेकंद आवाज रेकॉर्ड करा.

- दाबल्यावर आवाज गेला: क्लच हाउसिंग किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर संशय.
- दाबल्यावरच आवाज आला: क्लच सोडवणारं बेअरिंग किंवा रॉड.
- काहीच फरक नाही: बहुधा क्लच नाही. टॅपेट, टायमिंग चेन बघा.

आमचा आवाज दाबल्यावर गेला. पण झिजलेल्या प्लेटा सहसा खरखरत नाहीत, त्या घसरतात: रेस वाढते, पण गाडी तेवढी पळत नाही. आमची गाडी व्यवस्थित ओढत होती.

तपासणी २: कंपन मोजा

जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप घ्या. त्यात 'ॲक्सिलरेशन स्पेक्ट्रम' उघडून फोन सीटवर धरा. ग्राफचं सगळ्यात उंच टोक किती हर्ट्झवर आहे ते बघा आणि ६० ने गुणा. तेवढे इंजिनचे आरपीएम. (चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो, म्हणून निम्म्या आकड्यावरही एक छोटं टोक दिसू शकतं.)

आमचं टोक १५ हर्ट्झवर होतं, म्हणजे ९०० आरपीएम. मॅन्युअलमध्ये १,४०० दिलेले. इंजिन इतकं हळू चाललं की प्रत्येक स्फोटाला धक्का बसतो आणि हाउसिंगमधले थोडे सैल भाग खडखडतात. कार्ब्युरेटरचा आयडल स्क्रू फिरवून टोक २३ हर्ट्झवर आणलं. खरखर जवळजवळ बंद! बीएस-६ फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मात्र हा स्क्रू शोधू नका, तिथे आयडल कंप्युटर सांभाळतो.

एक सावधगिरी: फोन हँडलच्या होल्डरला लावून रोज फिरू नका. अशा कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिलाय.

तपासणी ३: झटके

इंजिन बंद करून चेन मधोमध वर-खाली हलवली, तर तब्बल ५ सेंटीमीटर! मॅन्युअलप्रमाणे हवी होती २ ते ३. दुसऱ्या गॅरेजमध्ये चेन ताणून ऑइल लावून घेतलं. झटके गेले. खर्च १५० रुपये.

क्लच कधी उघडायचा?

आयडल नीट करूनही आवाज तसाच राहिला, गाडी घसरायला लागली किंवा ऑइलमध्ये धातूचा कीस दिसला, तर उघडायलाच हवा. घसरत असेल तर आधी दोन गोष्टी बघा: केबल फार ताणलेली नाही ना, आणि ऑइलच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलंय ना. कारचं ऑइल टाकलं असेल तर चांगल्या प्लेटाही घसरू शकतात.

भावाला दोन्ही रेकॉर्डिंग तारीख टाकून जपून ठेवायला सांगितलंय. दर महिन्याला नवीन करून तुलना करायची. आवाज वाढला, तर तो क्लिप घेऊनच मिस्त्रीकडे जाईल.